शहराच्या रकान्यातलं शून्य

४ फेब्रुवारी

टिल्ल्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडणार, हे मला ठाऊक आहे. फाड. पण आधी एक कर. दोन्ही हातांची पहिली बोटं नखाला नख टेकवून डोळ्यांसमोर धर. नखांच्या मुळाशी, मधोमध, तिळाएवढी फट दिसायला हवी. दिसली तर पत्र केराच्या टोपलीत टाक आणि मला चार शिव्या दे. नाही दिसली तर गपगुमान पुढे वाच.

फट दिसणार नाही. वहिनीने तुझ्या पन्नाशीचा फोटो पाठवला. त्यात तू सुरी घेऊन केकवर असा तुटून पडला आहेस, जसा काही लिफ्टचा दोर कापायचाय. बाकीच्यांनी तुझं टक्कल पाहिलं असेल, मी बोटं पाहिली. टोकं फुगलेली, नखं घड्याळाच्या काचेसारखी वर आलेली. आक्काची बोटं शेवटच्या वर्षी अशीच झाली होती. "अंगठी निघत नाही गं, लठ्ठ झाले की काय मी," असं म्हणायची, आणि तेव्हा तिचं वजन एकेचाळीस किलो होतं.

वहिनीवर डाफरू नकोस. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा ती बोलली. सात महिने पोट बिघडलेलं, नऊ किलो वजन उतरलेलं, आणि साहेब म्हणतात वय झालं! तू लिफ्ट दुरुस्त करतोस ना? एखादी लिफ्ट सात महिने मधल्याच मजल्यावर थांबत असती तर तू काय म्हणाला असतास, वय झालं?

पत्र तुझ्या वर्कशॉपवर पाठवते आहे, कारण फोन तू उचलत नाहीस, मेसेज न वाचता पुसतोस, आणि घरी आलेलं पाकीट वहिनी उघडते. आपलं भांडण आपल्यात राहू दे.

त्या भांडणाचंही एकदाच लिहून टाकते. तीन वर्षांपूर्वी तू पोचलास तेव्हा आक्काचं सगळं आटोपलं होतं. दारातच म्हणालास, "कॅन्सर आहे हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. डॉक्टर आहेस तू. टीबी टीबी करून मला तिकडे परदेशातच बसवून ठेवलंस." आई गेल्यावर जिने तुला कडेवर घेऊन वाढवलं तिचं तोंडही तुला बघायला मिळालं नाही. मी तेव्हा मान खाली घातली होती. आजही तेच. लपवलं मी. नोकरी सोडून धावत आला असतास, म्हणून लपवलं. झालं समाधान?

आता कामाचं. छोट्या आतड्याचा तुकडा काढून तपासायला सांग. जठर नव्हे, मोठं आतडं नव्हे, छोटं. का म्हणून विचारशील, तर मी याच विषयावर बारा वर्षं काम केलं आहे. एवढं कारण पुरे.

लोभाचं नंतर बघू, आधी आतडं दाखव.

ताई


२३ फेब्रुवारी

टिल्ल्या,

उत्तर नाही, पण नखं जुळवून पाहिलीस आणि डॉक्टरकडे गेलास, हे वहिनीकडून कळलं. शहाणा आहेस. लहानपणीही आधी नाही म्हणायचास आणि मग गुपचूप ऐकायचास.

तिने रिपोर्ट फोनवर वाचून दाखवला. मी दोनदा वाचायला लावला. "आतड्याच्या अस्तरात पेशींची गर्दी. गहू न सोसण्याच्या आजाराशी जुळणारं चित्र." म्हणून तुला गव्हाचं सगळं बंद केलं.

तिकडच्या डॉक्टरला मी वेडा म्हणणार नाही. त्याने तिकडच्या माणसाला शोभेल असंच निदान केलं आहे. पण आजारांनाही मुलूख असतो. पोटातल्या लिम्फोमाचंच घे, म्हणजे लढाऊ पेशींच्या कॅन्सरचं. तो तुमच्याकडे बहुतेक जठरात होतो, तिथल्या एका जंतूमुळे. नाहीतर गहू न सोसणाऱ्या एखाद्याला आतड्यात होतो. आपण वाढलो तसल्या जागी एक वेगळीच जात सापडते. ती छोट्या आतड्यात, आणि जे लहानपणी घाण पाणी प्यायले त्यांच्यात. आतड्यात राखणदार पेशी असतात. जंतू सारखे येत राहिले की त्या वाढतात. वाढता वाढता एक दिवस जंतूंची वाटही बघत नाहीत, आपल्या आपण वाढत सुटतात. ही सुरुवात पकडली तर जंतूंवरच्या साध्या कॅप्सुली काही महिने घेऊन माणूस बरा होऊ शकतो, अगदी खडखडीत. सुरुवात हुकली तर मग खऱ्या अर्थाने कॅन्सर.

गिरणीमागची आपली क्वार्टर्स आठव. सहा घरांना एक हातपंप, आणि पंपाला लागून उघडं गटार. तू, मी, आक्का, तिघंही आलटून पालटून पोट धरून बसलेलो असायचो. डॉक्टरला सांग की पहिली सोळा वर्षं मी त्या पंपाचं पाणी प्यायलो आहे. तो हसला तरी सांग.

वहिनी म्हणाली, डॉक्टरने विचारलं की आक्काच्या आतड्याच्या तुकड्याची सुरुवातीची काच मिळेल का, तुलनेला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. चांगला माणूस दिसतो. पण तीन-चार वर्षांपूर्वीची काच, टिल्ल्या. आमचं कोठार तुला माहीत नाही. तळघरात हजारो काचा पेट्यांत भरलेल्या, अर्ध्या पेट्यांवरचे आकडे पुसलेले, त्यात मागच्या वर्षी पाणी शिरलं. शोधायला सांगते. मिळेलसं वाटत नाही.

त्याऐवजी माझा छापलेला निबंध पाठवते आहे. त्यात मुलुखांप्रमाणे तक्ता आहे. डॉक्टरला दे. काचेपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

ताई


१६ मार्च

टिल्ल्या,

माझीच काठी माझ्याच पाठीत बसली. तुझ्या डॉक्टरने निबंध वाचला, फार आदराने वाचला, आणि तक्त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून वहिनीला म्हणाला, "यांच्या बहीणबाईंनीच लिहिलं आहे की शहरात राहणाऱ्यांत हा प्रकार शून्य. हे तर सोळाव्या वर्षापासून शहरात आहेत." झालं. गहू बंद चालू ठेवा.

आणि गहू सोडून तुझं वजन एक किलोने वाढलं म्हणे. वहिनी फोनवर इतकी हसत होती की माझ्याच्याने काही बोलवेना.

त्या शून्याची गोष्ट सांगते. नीट वाच आणि डॉक्टरला समजाव. मी माणसं तपासत नाही, त्यांचे तुकडे तपासते. तुकडा येतो तेव्हा सोबत एक फॉर्म येतो. त्यात नाव, वय आणि पत्ता. पत्ता म्हणजे सध्याचा पत्ता. तक्ता करताना आम्ही तोच पाहून शहर आणि खेडं असे दोन रकाने केले. जन्म कुठला, लहानपण कुठे गेलं, हे फॉर्ममध्ये कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय खेड्यातून आलेले लोक शहरातल्या नातेवाइकाचा पत्ता टाकतात, कारण शहरातला पत्ता असला की दवाखान्यात लवकर दाखल करून घेतात. आणि त्या शून्यामुळे काय होतं माहीत आहे? शहरातल्या माणसाचा तुकडा आला की तसल्या आजाराचा विचारच मनात येत नाही. विचार येत नाही म्हणून तो सापडत नाही, सापडत नाही म्हणून शून्य शून्यच राहतं. बारा वर्षं मी ते शून्य व्याख्यानांतून मिरवलं.

आमच्याकडे एक बाई होत्या. साठीच्या. तीस वर्षं शहरात, नळाचं पाणी, लख्ख घर. जुलाब, वजन उतरलेलं, पोटात गाठी. त्यांचा तुकडा तपासणाऱ्याला पेशींची गर्दी दिसली. शहरातली बाई, इकडे टीबी घरोघरी, म्हणून लिहिलं, "जुनी सूज. टीबीचा विचार व्हावा." एक जादा तपासणी केली असती तर निघालं असतं. केली नाही. नऊ महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. दुसरा तुकडा काढला तेव्हा कॅन्सरच्या मोठ्या पेशी नाचत होत्या. तपासणारा हुशार होता, अनुभवी होता, कामाच्या घाईत होता. असं होतं.

तुझा रिपोर्ट आणि त्या बाईंचा रिपोर्ट शब्दाला शब्द लावून बघ. फक्त टीबीच्या जागी गहू.

रविवारी भाऊजी नेहमीसारखे जेवायला आले होते. आक्का गेली, छापखान्यातली मुद्रितं तपासायची नोकरीही संपली, घरी बोलायला माणूस नाही, म्हणून घास घास चावत दोन तास बसतात. दर वेळी आक्काचा विषय निघतो आणि दर वेळी तेच म्हणतात, "तू होतीस म्हणून निदान काय होतं ते तरी कळलं. नाहीतर बिचारी तशीच गेली असती." मी त्यांच्या ताटात भात वाढते.

जुनी काच शोधायचं चालू आहे.

ताई


६ एप्रिल

टिल्ल्या,

वहिनीचा काल फोन आला. इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत तू बसलास आणि तुला उठता येईना. दोघांनी उचलून खाली आणलं. पोटाला हात लावला तर गाठ लागते, असं म्हणालास.

आता ऐक. मी काच शोधत नव्हते. काच माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. आक्का गेली त्याच्या आठव्या दिवशी मी तळघरात जाऊन ती काढली, पाहिली, आणि तेव्हापासून ती तिथेच आहे, रिकाम्या चष्म्याच्या पेटीत.

साठीच्या बाई म्हणजे आक्का. तपासणारा म्हणजे मी. घरच्या माणसाचा तुकडा आपण तपासायचा नसतो, हे मी स्वतः नव्या डॉक्टरांना शिकवते. पण आक्का म्हणाली, "दुसऱ्याकडे कशाला, तूच बघ ना, मला तुझ्यावर विश्वास." दुपारी चाळीस काचा वाट बघत होत्या. तिची मी दोन मिनिटं पाहिली. पेशींची गर्दी, अस्तरातले खळगे एकमेकांपासून लांब ढकललेले. गव्हाच्या आजारात ते असे दिसत नाहीत, टीबीतही नाहीत. सगळं डोळ्यांसमोर होतं. पण माझ्या डोक्यात ते शून्य होतं. ज्या पंपाचं पाणी ती प्यायली तेच मी प्यायले होते, आणि फॉर्मवर तिचा शहरातला पत्ता बघून मी तिला शहरातली ठरवलं. माझ्या सख्ख्या बहिणीला! तिचं लहानपण कुठे गेलं हे मला फॉर्मने सांगायला हवं होतं का?

टिल्ल्या, मी तुझ्यापासून काही लपवलं नव्हतं. टीबी आहे, बरी होईल, धावत येऊ नकोस, हे मी म्हटलं तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. तू दारात उभा राहून म्हणालास की मला माहीत होतं, आणि मी ते पत्करलं. माहीत असून लपवणारी बहीण चालेल, पण माहीत नसलेली डॉक्टर चालणार नाही, असा मी हिशेब केला. भाऊजींनी माझं तोंड बघू नये, खात्यातल्या लोकांनी कुजबुजू नये, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत ती नीट जावीत. झाकली मूठ, बस्स. तुझी बोटं पाहिली त्या दिवशी मूठ उघडायला हवी होती. मी तुला निबंध पाठवला.

काच, उरलेला तुकडा जपलेला मेणाचा ठोकळा आणि दोन्ही रिपोर्ट आज कुरियरने थेट तुझ्या डॉक्टरकडे पाठवले. सोबत लिहिलं आहे की पहिला रिपोर्ट चुकीचा होता आणि तो मी दिला होता. वहिनीला एवढंच माहीत आहे की आक्काची काच सापडली.

बाहेर कळण्याआधी भाऊजींना सांगायला हवं होतं. म्हणून आज जेवण झाल्यावर पहिल्या रिपोर्टची प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलेला माणूस. त्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली.

"ही तुझीच सही," म्हणाले.

"हो."

"मग त्या गोळ्या? नऊ महिने दिल्या त्या? उलट्या व्हायच्या तिला. मी रागावून घ्यायला लावायचो."

"त्या लागणार नव्हत्या."

"आणि लागणाऱ्या कुठल्या होत्या?"

"साध्या कॅप्सुली. कुठल्याही दुकानात मिळतात."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग आपलं ताट स्वतः उचललं, धुतलं, पालथं घातलं. इतक्या वर्षांत कधी त्यांनी माझ्या घरी ताट धुतलेलं नाही. पायात चपला घालताना म्हणाले, "तू सांगितलं नसतंस तर चाललं असतं गं." आणि गेले.

तुला माझा राग राग करायचा असेल तर नंतर भरपूर वेळ आहे, असं लिहिणार होते. ते खोडलं. उद्याच डॉक्टरकडे जा. दुर्बीण खोलवर घालून नवा तुकडा काढायला सांग. हात जोडते.

ताई


१२ मे

टिल्ल्या,

परवा तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला. तो इतका बारीक झाला आहे की आधी मला वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाचा फोन आला.

तुझ्या डॉक्टरचं पत्र त्याआधीच आलं होतं. मी कुणालाही लिहिलं नसतं इतकं सभ्य पत्र. आक्काची काच आणि तुझी फेब्रुवारीतली काच त्याने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एकाच साच्यातल्या. मग तुझ्या त्या तुकड्यावर जादा तपासणी केली, नेमकं तेच निघालं, तेही सुरुवातीचं. आणि आता काढलेल्या तुकड्यात मोठ्या पेशी. त्याने लिहिलं आहे की आमच्या मुलुखात हा आजार आम्ही फक्त पुस्तकात पाहतो, तुमच्या काचेशिवाय आम्हाला ओळखता आला नसता, आम्ही तुमचे आभारी आहोत.

दहा आठवड्यांत आजार एवढा पुढे जातो का, असं एखाद्या विद्यार्थ्याने विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सहसा नाही, खोलवर कुठेतरी मोठ्या पेशी आधीपासून असतील, वरच्या तुकड्यात आल्या नसतील. खरं काय ते आता कुणालाच कळणार नाही. पण मी ते उत्तर स्वतःला दिलं की लगेच मला स्वतःची किळस येते.

तू म्हणालास, "म्हणजे आक्काचं तू लपवलं नव्हतंस."

मी म्हटलं, "नाही. मला खरंच टीबी वाटला होता."

"मग मी तीन वर्षं उगाचच भांडलो."

हो, टिल्ल्या. उगाच. ती तीन वर्षंही मीच खाल्ली. तू माझ्याशी बोलत असतास तर मागच्याच वर्षी कधीतरी म्हणाला असतास, ताई, पोट बरं नाही गं. मी दुसऱ्या दिवशी कॅप्सुली सुरू करायला लावल्या असत्या.

मी म्हटलं, येऊ का? रजा टाकते, उद्या निघते. तू म्हणालास, "नको. तुझं तोंड बघून हिला कळेल." मला आधी अर्थच लागला नाही. मग तू सांगितलंस. काच फेब्रुवारीत हातात असती तर तेव्हाच कॅप्सुली सुरू केल्या असत्या, हे डॉक्टरने तुला एकट्याला सांगितलं आहे. वहिनी तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. "हिला वाटतंय वेळेवर कळलं," म्हणालास. "वाटू दे. इथून पुढे घरात एक तरी हसतं माणूस लागेल मला. तू तिला काही बोलू नकोस. तेवढं तुला जमेल."

तू टोमणा मारला नाहीस, हे मला आवाजावरून कळत होतं. मारला असतास तर बरं झालं असतं.

मी कुणाकडे रडू? भाऊजी पाच रविवार आले नाहीत. खात्यात मी सगळं लिहून दिलं. चौकशी होईपर्यंत सही करायची नाही, असं सांगितलं आहे. मी रोज वेळेवर जाते, खुर्चीत बसते, दुसऱ्यांनी पाहिलेल्या काचा पुसून पेटीत लावते. तक्ता दुरुस्त करून छापायला पाठवला. शहराच्या रकान्यात शून्याच्या जागी एक लिहिला. तुला त्यात घालता येत नाही, तू दुसऱ्या मुलुखात मोडतोस.

तू सांगितलंस तसं करीन. पत्र वर्कशॉपवर पाठवते आहे. तुझा सहकारी दवाखान्यात आणून देईल म्हणालास. वाचून झालं की फाड, घरी नेऊ नकोस.

वहिनी आता मला रोज सकाळी फोन करते. तुला सलाईन लावून झालं की जिन्यात येऊन करते, म्हणजे तुला ऐकू जाऊ नये. आज रडत होती, पण आनंदाने. केस गेले तरी जेवण जातंय म्हणाली. "ताई, तुम्ही बोटं ओळखली नसती तर आम्ही अजून गव्हाच्याच मागे असतो. तुमच्यामुळे वेळेवर कळलं. ह्यांना वाचवलंत तुम्ही."

मी हो म्हटलं.

ताई